मन बसलं की ब्रश सुटतो: डिप्रेशनमध्ये तोंडाची काळजी कशी घ्यायची

मागच्या वर्षी बाबा गेले आणि त्यानंतर चार-पाच महिने मी डिप्रेशनमध्ये होती. हे नाव डॉक्टरांनी नंतर दिलं, तेव्हा मला एवढंच कळत होतं की सकाळ झाली की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते आणि उठवत नाही. आंघोळ दोन-दोन दिवस राहून जायची आणि ब्रश तर कधी सुटला ते लक्षातच आलं नाही. आई दारात येऊन म्हणायची, "काहून उठून नाही राहिली गं, चहा थंडा झाला," मग मी तशीच उठायची, ब्रश न करता चहा प्यायची, त्यात दोन बिस्किटं बुडवायची आणि परत पडून राहायची.

गोळ्या सुरू झाल्या, मन हळूहळू वर आलं, पण तोपर्यंत तोंडाची वाट लागली होती. तर्री पोहे खाताना हिरड्या झोंबायच्या, थुंकीत रक्त दिसायचं आणि तोंडाला असा वास यायचा की मी हात आडवा धरून बोलायची. मैत्रिणीच्या साक्षगंधाला गेलीच नाही, तब्येतीचं कारण सांगितलं, खरं कारण तोंडाचा वास होता. म्हणजे मन जरा सुधारून राहिलं होतं तर तोंडाने परत घरात कोंडलं.

हे सगळं सांगून राहिली कारण नंतर मी या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि मला वाटते की डिप्रेशन किंवा खूप दिवसांचं टेन्शन असलेल्या माणसाला तोंडाबद्दल कोणीच काही सांगत नाही. मनाचे डॉक्टर दात बघत नाहीत, दातांचे डॉक्टर मनाचं विचारत नाहीत. तर मला जे करता आलं, जे करायला पाहिजे होतं आणि त्यामागे कारण काय, ते लिहिते.

आधी तोंडात काय चाललंय ते

माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० च्या आसपास जाती सापडल्या आहेत. एकाच माणसात सगळ्या नसतात, आणि ज्या असतात त्यातल्या बहुतेक काही त्रास देत नाहीत, काही तर कामाच्या आहेत. पालक, बीट, मुळा यात जे नायट्रेट असते त्याचं नायट्राइट करायचं काम जिभेवरचे जिवाणूच करतात, त्यातून पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते आणि रक्तवाहिन्या सैल राहतात. म्हणून जाहिरातीत जे सांगतात की तोंडातले सगळे जंतू मारून टाका, ते मुळातच चूक आहे.

भानगड कुठे होते, तर दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या सांध्यात. तिथे जिवाणूंचा चिकट थर साचू दिला की हवा पोचत नाही, आणि ज्यांना हवा नकोच असते असे जिवाणू तिथे वाढतात. त्यातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा सगळ्यात बदनाम आहे. थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला सुरू होतो आणि मग त्याचं कीटण बनते, जे ब्रशने कितीही घासलं तरी निघत नाही. शरीर या सगळ्याशी लढायला जाते, हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते, आणि हेच वर्षानुवर्षं चाललं तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजते. आपल्याकडे त्याला पायरिया म्हणतात.

आता याचा मनाशी काय संबंध. सुजलेल्या हिरडीची आतली बाजू म्हणजे एक उघडी जखमच असते. नुसतं चावताना पण तिथून जिवाणू रक्तात जाऊ शकतात, आणि सुजेमुळे जी रसायनं तयार होतात (रिपोर्टमध्ये सीआरपी म्हणून लिहून येते ते एक, आयएल-६ दुसरं) ती शरीरभर फिरतात. डिप्रेशन असलेल्या बऱ्याच लोकांच्या रक्तात हीच रसायनं थोडी वाढलेली दिसतात. शिवाय आपण दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो, तिच्यासोबत तोंडातले जिवाणू पोटात जातात, आणि पोट आणि मेंदूचं नातं आता सगळ्यांनाच ऐकून माहीत आहे.

पण इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायची आहे. पायरिया आणि डिप्रेशन एकाच माणसात बऱ्याचदा सोबत दिसतात, एवढं अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांत नाही पण बऱ्याच अभ्यासांत. हिरड्यांमुळेच डिप्रेशन होते असं सिद्ध झालेलं नाही. २०१९ मध्ये अल्झायमर झालेल्या लोकांच्या मेंदूत हाच जिंजिव्हालिस आणि त्याची विषारी एन्झाइम्स सापडली म्हणून मोठी बातमी झाली होती, त्यावर औषध काढून माणसांवर ट्रायल पण झाली, पण २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा मुख्य कसोटीवर ते औषध पास झालं नाही. त्यामुळे कोणी म्हणत असेल की अमुक मंजन लावा, तमुक तेलाच्या गुळण्या करा आणि डिप्रेशनच्या गोळ्या बंद करा, तर हात जोडून सांगते, ऐकू नका. गोळ्या डॉक्टरला विचारूनच कमी-जास्त करायच्या.

उलट्या बाजूचं मात्र अगदी पक्कं आहे, मन खचलं की तोंड बिघडते. ब्रश सुटतो, गोड खावंसं वाटते, जेवण नीट नसते पण चहा-बिस्किट दहा वेळा होते. टेन्शनमध्ये तोंडाला कोरड पडते, झोपेत दात करकर वाजतात किंवा जबडा आवळून धरला जातो, सकाळी कानापुढे दुखते. आणि गोळ्यांमुळे लाळ आणखी कमी होते. लाळ म्हणजे तोंडाचं स्वतःचं पाणी आहे, ते ॲसिड धुऊन टाकते, दाताला कॅल्शियम परत देते, ते आटलं की कीड लागायला वेळ लागत नाही.

तीन आठवड्यांत बिघडते, आठवड्यात सुधारते

ही गोष्ट मला कोणी तेव्हा सांगितली असती तर फार बरं झालं असतं. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो नावाच्या दंतवैज्ञानिकाने १९६५ मध्ये एक प्रयोग छापला. चांगल्या हिरड्या असलेल्या १२ जणांना, त्यात बरेचसे डेंटलचे विद्यार्थीच होते, दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, एक पण सुटला नाही. मग परत ब्रश सुरू करायला सांगितला, आणि साधारण एका आठवड्यात हिरड्या परत ठीक झाल्या.

म्हणजे रक्त येते म्हणून सगळं संपलं असं नाही. हाड झिजायच्या आधीची सूज पूर्ण जाते. मी तर रक्त येते म्हणून ब्रश आणखी टाळत होती, घाबरत होती की जखम वाढेल, आणि हे बहुतेक जण करतात. उलट आहे. रक्त येते ती जागाच साफ करायची आहे, मऊ ब्रशने, हळू. सुरुवातीचे चार-पाच दिवस रक्त येईलच, मग कमी होत जाते. दोन आठवडे रोज नीट घासूनही थांबलं नाही तर मात्र डॉक्टरकडे जायचंच.

ज्या दिवशी उठवतच नाही, त्या दिवसासाठी

सगळ्या आर्टिकलमध्ये लिहिलेलं असते की दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. बरोबरच आहे ते. पण ज्याला पलंगावरून पाय खाली ठेवायला तासभर लागते त्याला हे वाचून फक्त आणखी एक गोष्ट जमत नाही एवढंच कळते. म्हणून त्या दिवसांसाठी मी खाली-खाली उतरत जाणारा नियम केला, जे जमेल ते त्या दिवशी पूर्ण समजायचं.

दोनदा जमत नाही तर एकदा, आणि तो एकदा रात्री झोपायच्या आधी. झोपेत लाळ सगळ्यात कमी असते म्हणून रात्रीचा जास्त कामाचा. बेसिनपर्यंत जाणं होत नसेल तर पलंगावर बसून, पेस्ट न लावता, नुसता कोरडा ब्रश फिरवायचा, हिरडीच्या कडेने. थर ब्रशच्या केसांनी निघतो, फेसाने नाही, त्यामुळे कोरडा ब्रश वाया जात नाही. मी एक जास्तीचा ब्रश आणि एक स्टीलचा ग्लास उशीजवळच्या स्टुलावर ठेवला होता. बसूनच थुंकायचं, झाकून ठेवायचं, आई नंतर घेऊन जायची. लाज वाटली पहिले दोन दिवस, मग नाही वाटली.

तेही होत नसेल तर ओल्या स्वच्छ कापडाचं टोक बोटाला गुंडाळून दात पुसायचे. आणि अगदीच काही नाही तर जेवण, चहा, काहीही झालं की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची. चुळीने थर निघत नाही हे खरं, पण साखर तरी तोंडात बसत नाही. उभं राहून कंटाळा येतो तर बसून करा, मोबाइलवर काही लावून करा, अंघोळ करताना करा. पेस्टची चव किंवा फेस सहन होत नसेल, काहींना गोळ्यांमुळे मळमळते तेव्हा असं होते, तर लहान मुलांच्या चवीची पेस्ट चालते, फक्त त्यात फ्लोराइड १००० पीपीएमच्या वर आहे का ते ट्यूबवर बघून घ्यायचं.

जरा बरं असताना

ब्रश सॉफ्ट लिहिलेलाच घ्या, हार्डने हिरडी घासून खाली जाते. ब्रश सरळ नाही, हिरडीकडे तिरपा धरायचा, ४५ अंशाच्या आसपास, म्हणजे केसांची टोकं त्या सांध्यात जातात, आणि जागच्या जागी बारीक-बारीक हलवायचा, आडवा खसाखसा नाही. वाटाण्याएवढी पेस्ट भरपूर झाली. शेवटी फेस थुंकायचा पण लगेच पाण्याने तोंड धुवायचं नाही, फ्लोराइड दातावर राहू द्यायचं, हे आम्हाला लहानपणी कोणीच सांगितलं नव्हतं, मी तर चार-चार चुळा भरायची.

दातांच्या फटी ब्रशने साफ होत नाहीत आणि पायरिया बहुतेक तिथूनच सुरू होतो. त्यासाठी बाटली घासायच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे इंटरडेंटल ब्रश मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात. फट कमी असेल तर फ्लॉसचा धागा. रोज नाही जमला तर एक दिवसाआड करा, पण सेफ्टी पिन आणि काडी बंद करा. जीभ साफ करायची पट्टी दिवसातून एकदा, हळू, तोंडाच्या वासाचा मोठा भाग जिभेच्या मागच्या बाजूला असतो, तिथले जिवाणू गंधकाचे वायू सोडतात.

आपल्या नागपूरचं म्हणून एक, हिवाळ्यात आपण संत्री किलोने खातो. खा, काही वाईट नाही, पण आंबट खाल्ल्यावर दाताचा वरचा थर थोडा वेळ नरम झालेला असतो, त्यावर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

माउथवॉशवर पैसे घालवायची गरज नाही. क्लोरहेक्सिडिनवाला डॉक्टर लिहून देतात तो औषध आहे, सांगितले तेवढेच दिवस वापरायचा, जास्त दिवस वापरला तर दातांवर काळपट डाग पडतात, चव बिघडते, आणि वर सांगितलेले चांगले जिवाणू पण मरतात. छोट्या अभ्यासांमध्ये तर आठवडाभर वापरल्यावर बीपी थोडं वाढलेलं दिसलं.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर

ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी जास्त, नवीन गोळ्यांनी थोडं कमी, पण कोरड बऱ्याच जणांना पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तर विचारूच नका, जीभ टाळूला चिकटते. मग माणूस काय करते, दिवसभर रसना, कोल्ड्रिंक, उसाचा रस, नाही तर संत्रा गोळी चघळत बसते. कोरड्या तोंडात ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे कारण साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली ते दाताला जास्त लागते, प्रत्येक घोटानंतर ॲसिड बनते आणि ते धुवायला लाळच नाही.

माठाचं पाणी बाटलीत घेऊन दर थोड्या वेळाने एक-एक घोट, तोंडात फिरवून गिळायचा. बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं तर लाळ सुटते, झायलिटॉलवालं मिळालं तर आणखी चांगलं. साधी बडीशेप चालते, रंगीत साखर लावलेली नाही. पन्हं प्यायचं तर जेवणासोबत एकदा पिऊन मोकळं व्हा, दुपारभर चाखत बसू नका. आणि मनाच्या डॉक्टरला सांगा की तोंड कोरडं पडते, डोस किंवा वेळ बदलता येते का ते तेच बघतील.

खर्ऱ्याबद्दल

हे लिहिल्याशिवाय नागपुरात हा विषय पूर्णच होत नाही. माझा लहान भाऊ बाबांच्या तेरवीनंतर दिवसाला एकाचे चार खर्रे (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून करतात ते) खायला लागला. "ताई, डोकं शांत राहते गं याने," असं म्हणायचा, आणि मी चिडायची. नंतर कळलं की तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. निकोटिन उतरलं की बेचैनी येते, परत खाल्लं की जाते, आणि माणसाला वाटते की खर्ऱ्याने टेन्शन गेलं, खरं तर ते टेन्शन खर्ऱ्यानेच दिलेलं असते. सुपारीचं पण स्वतःचं व्यसन आहे, त्यामुळे "मी तंबाखू कमी टाकायला सांगतो" याला अर्थ नाही. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, पण खर्रा पानठेल्यावर पन्नीत घोटून हातात मिळते.

यात एक फसवी गोष्ट आहे, तंबाखूने हिरडीचं रक्त येणं बऱ्याचदा दबून जाते, बिडी-सिगारेटवाल्यांचं तर हमखास. त्यामुळे रक्त येत नाही म्हणजे हिरड्या चांगल्या असं समजू नका. घरी एक तपासणी करा, आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा साध्या तिखटाने पण तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत पांढरट कडक पट्टे लागत असतील, दोन आठवड्यांहून जास्त दिवस न भरणारा फोड असेल, तर उद्यावर टाकू नका. सोडायचं असेल तर सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे. भावाने तिथे फोन केला तेव्हा मी बाजूला बसली होती. चारचा एक झाला आहे, अजून सुटला नाही, तो प्रयत्न करून राहिला.

डॉक्टरकडे जायचं कसं

पहिल्यांदा मी ज्या दवाखान्यात गेली तिथे खुर्चीवर बसल्या बसल्याच ऐकवलं, "इतकी शिकलेली बाई आणि हे तोंड?" मी रडत घरी आली आणि पुढचे दोन महिने कुठेच गेली नाही. म्हणून आता सांगते, बसायच्या आधीच एक वाक्य बोलून टाका: "मला डिप्रेशन होतं, काही महिने ब्रश झाला नाही, या गोळ्या सुरू आहेत." गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून द्या. जो माणूस त्यावर पण बोल लावेल तिथून उठून दुसरीकडे जा, पण घरी जाऊन बसू नका.

मी नंतर नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) शासकीय दंत महाविद्यालयात गेली. १९६८ पासूनचं कॉलेज आहे, विदर्भभरातून लोक येतात, गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागते आणि एका फेरीत काम होत नाही, पण तिथल्या शिकाऊ डॉक्टर पोरीने सगळं विचारलं, गोळीचं नाव लिहून घेतलं आणि शांतपणे आरशात दाखवलं की कीटण कुठे आहे. स्केलिंग केलं, म्हणजे मशीनने कीटण काढलं. स्केलिंगने दात हलतात असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, तसं नसते. फटींमध्ये कीटण भरलेलं असते ते निघालं की जागा मोकळी वाटते, जीभ सारखी तिथे जाते, थंड लागलं की दात काही दिवस सळसळतात. दात खरंच हलत असतील तर ते आतल्या हाडाने होते आणि तेही तिथेच बघून सांगतात.

मन मात्र तोंडाच्या मागे लपवू नका. झोप गेली, कशातच रस नाही, दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच, तर मनाच्या डॉक्टरला दाखवा. जायला जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, २०२२ मध्ये सरकारने सुरू केला, कधीही लावा, मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर हा नंबर आत्ता लावा आणि घरातल्या एकाला तरी उठवून सांगा.

घरच्यांनी काय करायचं

"ब्रश केला का" असं रोज विचारू नका, ते प्रश्न म्हणून ऐकू येत नाही, आरोप म्हणून येते. तोंडाचा वास येतो हे सांगायचं असेल तर एकट्यात, एकदा, आणि सोबत काहीतरी करून द्यायची तयारी ठेवून. अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, गाडीवर मागे बसवून तुम्ही न्या, बाहेर थांबा. घरात बिस्किटांचा डबा हाताशी असतो तिथे फुटाणे, शेंगदाणे ठेवा. आपलाही ब्रश त्याच वेळी त्याच्या शेजारी उभं राहून करा.

माझ्या आईने काय केलं, तिने चहाच्या कपाआधी पेस्ट लावलेला ब्रश आणि पाण्याचा तांब्या स्टुलावर ठेवायला सुरुवात केली, काही बोलली नाही. पहिल्या दिवशी मी चहा प्याली आणि ब्रश तसाच राहू दिला, तिने तो धुऊन ठेवला, दुसऱ्या दिवशी परत पेस्ट लावून आणला. मला वाटते पाचवा की सहावा दिवस होता जेव्हा मी तो हातात घेतला, आणि त्या दिवशी चहा उशिरा आला कारण ती दारात उभी होती.